१४५३ला रस्ता बंद झाला. नेमका कोणता?

मिरवेल (धागाकर्ती)

तुर्कांनी १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्यामुळे खुष्कीचे व्यापारी मार्ग बंद पडले, म्हणून युरोपियनांनी जलमार्ग शोधला आणि वास्को द गामा १४९८ला कालिकतला पोचला. इथल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी घोकलेलं आहे. मी शिकवणीत इतिहास घेते. माझी मुलं ते झोपेतही म्हणून दाखवतील.

यंदा या वाक्यावर आपण काहीच समजावून सांगायचं नाही असं ठरवलं. वाक्य फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, "बंद झालेला रस्ता नकाशावर दाखवा." बराच वेळ सगळ्यांची बोटं चीनमधून निघून समरकंदमार्गे कॉन्स्टँटिनोपलला येत होती. मग विचारलं, युरोपला हवं काय होतं? मिरी. मिरी पिकते कुठे? केरळात. मग ती समरकंदला कशाला जाईल? यावर थोडी चुळबुळ झाली. शेवटी एका मुलीने मलबारवर बोट ठेवलं आणि अरबी समुद्र, एडन, तांबडा समुद्र, कैरो, अलेक्झांड्रिया, व्हेनिस असं नेलं. म्हणाली, "मॅडम, यात कॉन्स्टँटिनोपल लागतच नाही."

आता पुढचे प्रश्न तुमच्यासाठी. १४५३ला अलेक्झांड्रिया कोणाच्या ताब्यात होतं? रस्ता खरंच बंद झाला असेल तर १४५३ ते १४९८ ही ४५ वर्षं युरोप मिरीविना जेवला का? पोर्तुगीज समुद्रात उतरले कधी? आणि व्यापार बंद पाडून तुर्कांच्या पदरात काय पडणार होतं?

नियम एकच. जे म्हणाल त्याला साल जोडा. 'त्या काळी' आणि 'पूर्वीपासून' चालणार नाही.

रेवदंडा_एसटी

वाचतोय. जागा धरून ठेवतो.

पेठेतला_कारकून

आमच्या वेळी इतिहास शिकवायचे, हल्ली चौकशी आयोग नेमतात असं दिसतं.

असो. नियमाप्रमाणे साल जोडून देतो. १४५२ साली तुर्कांच्या ऑटोमन घराण्याचा सुलतान मेहमेद याने बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावर रुमेली हिसार हा किल्ला बांधला. काळ्या समुद्रातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाने थांबून जकात भरायची असा हुकूम निघाला. त्याच वर्षी व्हेनिसचं एक जहाज न थांबता पुढे निघालं, ते तोफ डागून बुडवलं आणि कप्तानाला सुळावर चढवलं. याला वाट अडवणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात? पाठ्यपुस्तक लिहिणारे अगदीच खुळे नव्हते.

मिरवेल

कारकूनसाहेब, रुमेली हिसारचं उदाहरण उत्तमच. पण त्या जहाजावर होतं काय, हा प्रश्न उरतोच. काळ्या समुद्रातून यायचं ते धान्य, खारवलेली मासळी, मेण, फर, गुलाम आणि थोडंफार रेशीम. रेशमासारखा चिनी माल खुष्कीने तिथवर यायचा तो मंगोलांच्या अमलात. चीनमधली मंगोल सत्ता १३६८ला संपली, इराणातली त्याच्याही आधी मोडली होती. म्हणजे मुलांनी समरकंदमार्गे दाखवलेला रस्ता शंभर वर्षं आधीच रोडावलेला होता आणि त्यात तुर्कांचा हात नव्हता.

मेहमेदने वाट अडवली हे खरं. मिरीची वाट अडवली हे तुम्ही अजून दाखवलेलं नाही.

निळी_शाई

अलेक्झांड्रियाच्या प्रश्नाला उत्तर देतो.

१४५३ला इजिप्त आणि सीरिया, म्हणजे अलेक्झांड्रिया आणि बैरुत ही मिरी मिळण्याची दोन्ही मोठी बंदरं, कैरोच्या मामलुक सुलतानाच्या ताब्यात होती. मामलुक आणि ऑटोमन हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. १४८५ ते १४९१ त्यांच्यात युद्धही झालं. ऑटोमन सुलतान पहिला सलीम याने सीरिया घेतला १५१६ला आणि कैरो १५१७ला. तोवर गामा येऊन गेला होता, गोवा घेतलं होतं, मलाक्का घेतलं होतं. १५१७ची घटना १४९८चं कारण होऊ शकत नाही, एवढं तर सगळे मान्य करतील.

मिरी महाग होती का? होती. पण कोणामुळे? १४२०च्या दशकात मामलुक सुलतान बार्सबायने मिरीचा व्यापार सरकारी मक्तेदारीत घेतला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी सुलतान सांगेल त्या भावाने सुलतानाकडूनच घ्यायची. कारिमी म्हणून ओळखले जाणारे तिथले मोठे मसाल्याचे व्यापारी यात बुडाले. हे सगळं कॉन्स्टँटिनोपल पडायच्या पाव शतक आधीचं. खलनायक शोधायचाच तर कैरोत शोधा.

शेवटच्या प्रश्नाबद्दल: तुर्कांच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. शहर पडल्यावर वर्षाच्या आत, एप्रिल १४५४मध्ये, व्हेनिसने मेहमेदशी तह करून व्यापाराची परवानगी मिळवली. शहरासमोर खाडीपलीकडे गलाटा वस्तीत राहणाऱ्या, इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या लोकांनाही सवलतनामा मिळालाच होता. जकातीवर जगणारा कुठला राजा जकातनाकी बंद करून बसेल? पुढे १४६३ ते १४७९ व्हेनिस आणि ऑटोमन यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हाही व्हेनिसच्या गॅली (वल्ह्यांची मोठी व्यापारी जहाजं) अलेक्झांड्रियाला आणि बैरुतला जात होत्या, कारण ते वेगळ्या राजाचं राज्य होतं.

जागा_निघेना

सर, मॅडम, हे सगळं भारी आहे पण पेपरात काय लिहायचं ते पण सांगा. चार पर्यायांत 'वरीलपैकी नाही' नसतं.

रेवदंडा_एसटी

जागा धरली होती ती वापरतो. आमच्याकडचाच माणूस साक्षीला आणतो. म्हणजे आला रशियातून, उतरला आमच्याकडे.

अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीने खाली आला, वाटेत लुटला गेला, मग दर्बेंद, बाकू, इराण असं करत होर्मुझला पोचला आणि तिथून घोडा घेऊन जहाजात बसला. उतरला चौलला. साल साधारण १४६९. कॉन्स्टँटिनोपल पडून सोळा-सतरा वर्षं झाली होती. पुढे जुन्नरला गेला तर तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणाला. घोडा कसाबसा परत मिळाला. मग बिदर. तेव्हा बहमनी राज्यात महमूद गावानचा कारभार होता.

माझ्या दृष्टीने खरी मजा परतीच्या वाटेत आहे. दाभोळहून जहाजात बसला, होर्मुझ, इराण, आणि मग ट्रेबिझोंड. काळ्या समुद्राकाठचं हे बंदर १४६१पासून ऑटोमनांकडे. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच्या सामानाची झडती घेतली, कारण तो ऑटोमनांचा शत्रू उझुन हसन याच्या छावणीतून येत होता. त्रास झाला, पण माणूस सुटला आणि जहाजाने काळा समुद्र ओलांडून क्रिमियातल्या काफा बंदराला पोचला. म्हणजे ज्या वाटेवर भिंत उभी राहिली असं आपण शिकतो, त्याच वाटेने एक कफल्लक व्यापारी कोकणातून काळ्या समुद्रापलीकडे गेला. बिचारा घरी मात्र पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला.

रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागला बीचवर फोटो काढून परत जाणाऱ्यांनी एसटीने तेवढं पुढे यावं.

पेठेतला_कारकून

एका माणसाच्या प्रवासावरून व्यापाराचा निष्कर्ष? उद्या म्हणाल एक जण पोहत गेला म्हणून पुलाची गरज नव्हती. निकितिनच्या वहीतून एवढंच कळतं की निकितिन पोचला. आणि त्याच्याच वहीत लूटमार, झडती, जबरदस्ती भरलेली आहे. मला तर ही वही माझ्याच बाजूची वाटते.

मिरवेल

हा आक्षेप मला आवडला, वर्गात वापरणार आहे. एक साक्षीदार किती वजन पेलतो, हा प्रश्न मुलांना विचारायलाच हवा.

पण 'बंद' हा दावा मोडायला एकसुद्धा पुरतो ना? 'धोक्याचा' किंवा 'खर्चाचा' असं वाक्य असतं तर निकितिन तुमच्या बाजूने बोलला असता. वाक्यात 'बंद' आहे.

तेजोकाठचा

लिस्बनमध्ये राहतो, त्यामुळे पोर्तुगीज बाजू मी मांडतो. नदीकाठी १९६०चं मोठं दगडी स्मारक आहे, जहाजाच्या नाळेवर राजपुत्र हेन्री उभा. हा हेन्री वारला १४६०ला. त्याची बहुतेक सगळी मोहीम कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आधीची.

सालं बघा. सेउटा हे मोरोक्कोचं बंदर जिंकलं १४१५. मदेईरा बेटांवर वसाहत १४२०च्या आसपास. ज्याच्या पुढे जायला खलाशी घाबरायचे ते बोजादोर भूशिर ओलांडलं १४३४. पोर्तुगालच्या लागुश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचा मोठा बाजार भरला १४४४. तोवर कॉन्स्टँटिनोपल पडायला नऊ वर्षं बाकी आहेत आणि पोर्तुगीज जहाजं सेनेगालपर्यंत गेली आहेत. कशासाठी? सोनं, गुलाम, मुसलमानांशी लढाई, आणि आफ्रिकेपलीकडे कुठेतरी राज्य करतो अशी समजूत असलेला ख्रिस्ती राजा प्रेस्टर जॉन. मिरीचं नाव फार पुढे येतं. भारताचा हिशेब नीट मांडला तो राजा दुसरा जुआंव याने, १४८०च्या दशकात.

आता कारकूनकाकांसाठी खास. याच जुआंवने मे १४८७मध्ये पेरो द कोव्हिल्यां नावाचा हेर पाठवला. तो व्यापाऱ्याच्या वेशात अलेक्झांड्रिया, कैरो, एडन करत कन्नूर, कालिकत आणि गोव्याला येऊन गेला. म्हणजे नवा समुद्रमार्ग शोधायला ज्याने माणसं लावली त्याचाच हेर जुन्या मार्गाने भारतात पोचला! पुढच्याच वर्षी, १४८८ला, बार्तोलोमेउ दियशने आफ्रिकेचं टोक ओलांडलं. ही दोन माणसं एका राजाने जवळपास एकाच वेळी दोन वाटांनी धाडली होती. त्याला जुनी वाट तपासायची होती, आणि मधल्या लोकांना वगळून नवी सापडते का तेही बघायचं होतं.

आणि कालिकतला १४९८च्या मे महिन्यात गामाचा माणूस पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला भेटले कोण? ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी, ज्यांना कास्तिलियन आणि जिनोव्हाची भाषा येत होती. "तुला सैतानाने इकडे कुठे आणलं?" असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलो. भूमध्य समुद्राकाठची माणसं कालिकतच्या बाजारात आधीच हजर होती. ती काय बंद रस्त्याने आली?

निळी_शाई

+१. कोव्हिल्यांचा मुद्दा जबर आहे.

रेवदंडा_एसटी

अवांतर नाही, पुरवणी: पोर्तुगीज आल्यावर पोट कोणाचं दुखलं तेही बघा. १५०८ला चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना मार देणारं आरमार कोणाचं? कैरोच्या मामलुक सुलतानाचं, अमीर हुसेनच्या हाताखाली, जोडीला गुजरातचा मलिक अयाझ. व्हाइसरॉय आल्मेदाचा पोरगा लोरेंसो तिथे मेला. पुढच्या वर्षी दीवला बापाने सूड घेतला. जकात बुडणार होती कैरोची, म्हणून आरमार कैरोने पाठवलं. इस्तंबूलच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल घेतलेल्या तुर्कांच्या, हातात ही वाट असती तर सगळ्यात आधी तिथून कोणी धावत आलं असतं.

(ऑटोमनांनी मामलुकांना लाकूड, तोफा असली मदत केली होती, हे लगेच कोणी सांगायच्या आत मीच सांगतो.)

पेठेतला_कारकून

ठीक. मिरी कैरोमार्गे जात होती हे धरून चालू. पण मग तुमचं म्हणणं असं का, की हजार वर्षं उभं राहिलेलं शहर पडलं आणि त्याचा पुढच्या पन्नास वर्षांवर काडीचाही परिणाम झाला नाही? हे मला पाठ्यपुस्तकापेक्षाही अविश्वसनीय वाटतं. एक मोठं कारण खोडलं की 'काहीच संबंध नाही' म्हणणं ही दुसऱ्या टोकाची घाई झाली.

निळी_शाई

कारकूनसाहेब, इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. परिणाम झाला. मिरीच्या पोत्यातून झाला नाही, इतकंच. मला तीन धागे दिसतात आणि तिन्ही सारखे पक्के नाहीत.

सगळ्यात पक्का आहे तुरटीचा. कापड रंगवताना रंग पक्का बसायला तुरटी लागते, आणि इटली आणि फ्लँडर्समधला (आजच्या बेल्जियमकडचा भाग) लोकरी कापडाचा धंदा तिच्याशिवाय चालत नव्हता. उत्तम तुरटी यायची आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या फोकेयातून, आणि त्या खाणी दीडेकशे वर्षं जिनोव्हाच्या लोकांच्या हातात होत्या. १४५५ला ऑटोमनांनी फोकेया घेतलं. तुरटी महागली. मग १४६०च्या दशकाच्या सुरुवातीला रोमजवळ तोल्फाच्या डोंगरात तुरटी सापडली आणि पोप दुसरा पायस याला हा तुर्कांवरचा विजयच वाटला. पुढे तुर्की तुरटी विकत घेणाऱ्या ख्रिश्चनांना पोपकडून बहिष्काराच्या धमक्या मिळू लागल्या. ज्या वस्तूची वाट खरोखर आवळली गेली तिचा बोभाटा कसा होतो बघा. भाव चढतात, पर्याय शोधले जातात, पोप फतवे काढतो. मिरीबाबत १४५३नंतर असलं काहीही दिसत नाही. भाव कायमचे चढलेले नाहीत. ते उसळले ते १४९९नंतर, जेव्हा व्हेनिस पुन्हा तुर्कांशी लढत होतं आणि त्याच वेळी पोर्तुगीज हिंदी महासागरात जहाजं लुटू लागले होते. तेव्हा अलेक्झांड्रियाहून परतणाऱ्या गॅलींत मसाला कमी भरू लागला. व्हेनिसचा सावकार जिरोलामो प्रिउली याने १५०१ साली रोजनिशीत हातपाय गाळले आहेत, तेही लिस्बनची बातमी ऐकून.

दुसरा धागा जिनोव्हाच्या पैशाचा. काळ्या समुद्राकाठचं त्यांचं काफा बंदर १४७५ला ऑटोमनांकडे गेलं. पूर्वेकडचं दुकान आखडल्यावर त्यांचं भांडवल आणि माणसं पश्चिमेला सेव्हिल, लिस्बन, मदेईराकडे जास्त वळली. मदेईराची साखर विकणाऱ्यांत ते होते, कोलंबस त्यांच्यातलाच.

तिसरा धागा पोपच्या दप्तरातला. पोप पाचव्या निकोलसने जानेवारी १४५५मध्ये पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मक्ता देणारा फतवा काढला. शहर पडून दोन वर्षंही झाली नव्हती आणि सगळीकडे धर्मयुद्धाची भाषा होती. त्या वातावरणाचा पोर्तुगीजांना फायदा झाला असं मी म्हणेन. पण एरवी पोपने तो मक्ता दिलाच नसता, असं म्हणायची माझी तयारी नाही.

तेजोकाठचा

दुसऱ्या धाग्याला थोडं कापतो. जिनोव्हाचे लोक पोर्तुगालला आले ते तुर्कांच्या भीतीने नाही. राजा दिनिशने १३१७ला जिनोव्हाच्याच माणसाला, पेसान्योला, आपल्या आरमाराचा प्रमुख नेमलं होतं. म्हणजे ओघ दीडशे वर्षांचा जुना. १४५३ आणि १४७५ने तो फुगवला असेल, सुरू केला नाही.

निळी_शाई

मान्य. 'सुरू केला' आणि 'फुगवला' यांतला फरक ठेवायलाच हवा.

जागा_निघेना

मॅडम, माझा प्रश्न वरच राहिला. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. हे असलं लिहिलं आणि तपासणाऱ्याने पाठ्यपुस्तक उघडलं तर?

मिरवेल

पूर्व परीक्षेत गोळा रंगवायचा असेल तर मुकाट्याने पुस्तकातलाच पर्याय रंगव. तिथे वाद घालायला जागा नाही आणि तुझी जागा मात्र जाईल.

वर्णनात्मक उत्तरात पुस्तकाशी भांडण न मांडता लिहिता येतं. पहिल्या दोन ओळींत १४५३चा उल्लेख कर, म्हणजे तपासणाऱ्याला हवं ते सापडेल. मग लिही की मसाल्यांचा मुख्य व्यापार मामलुक इजिप्तमार्गे होता आणि तो ऑटोमनांकडे १५१७ला गेला. पोर्तुगीज मोहिमा १४१५पासून चालू होत्या. त्यांना व्हेनिस आणि कैरो या दोन्ही दलालांना वगळायचं होतं. १४५३ने धर्मयुद्धाची भावना तापवली आणि पूर्व भूमध्यातला जिनोव्हाचा व्यापार आखडला. सहा-सात ओळींत बसतं. खोटं एकही वाक्य नाही आणि गुण कापायला कारण नाही.

जागा_निघेना

वहीत उतरवलं. धन्यवाद मॅडम.

रेवदंडा_एसटी

निळी_शाई, मग हे वाक्य आलं कुठून? इतकी उघड सालं जुळत नसताना पिढ्यानपिढ्या टिकलं कसं?

निळी_शाई

टिकलं कारण १४५३ हे फार सोयीचं साल आहे. युरोपच्या इतिहासात मध्ययुग संपवायला एक तारीख लागते, ती हीच घेतात. एकदा ती दरवाजा म्हणून उभी केली की प्रबोधन, छापखाना, सागरी शोध सगळं त्याच दरवाजातून आत आल्यासारखं दिसतं. त्यात तुर्क म्हणजे व्यापाराचा शत्रू ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची लाडकी समजूत. आपल्याकडे पाठ्यपुस्तकं त्याच साच्यातून आली.

आणि हे नव्याने कोणी शोधलेलं नाही. लायबायर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९१५ सालीच मसाल्यांचे भाव आणि व्यापाराच्या वाटा तपासून या समजुतीला धक्का दिला होता. पुढच्या संशोधकांनी आणखी गंमत दाखवली. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, इजिप्त ऑटोमनांकडे असताना, तांबड्या समुद्रातून येणारी मिरी पुन्हा इतकी वाढली की १५६०च्या दशकात ती लिस्बनच्या मिरीला टक्कर देत होती. ज्यांनी रस्ता बंद केला असं आपण शिकतो, त्यांच्याच राज्यात तो धो धो वाहत होता.

ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन पळाले आणि प्रबोधन झालं, हे या समजुतीचं जुळं भावंड. ग्रीक पंडित क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला लागला १३९७ला. त्यावर वेगळा धागा काढावा, इथे नको.

पेठेतला_कारकून

शेवटचा प्रश्न, धागाकर्तीच्याच पद्धतीने. तुमच्या बाजूला विदा आहे हे दिसतंय. पण काय सापडलं तर तुम्ही सगळे मत बदलाल? काहीच नाही असं उत्तर असेल तर मग तुमचं आणि पाठ्यपुस्तकाचं फारसं वेगळं नाही.

निळी_शाई

फार योग्य प्रश्न. माझ्यापुरतं सांगतो.

व्हेनिसचं सरकार दरवर्षी अलेक्झांड्रिया आणि बैरुतच्या गॅलींचा लिलाव करायचं आणि त्याच्या नोंदी शिल्लक आहेत. १४५३नंतर ते लिलाव वर्षानुवर्षं थांबलेले दिसले असते तर मी गप्प बसलो असतो. कॉन्स्टँटिनोपलकडच्या गॅली रोडावल्या, या दोन ठिकाणच्या चालू राहिल्या. दुसरं, १४५३ ते १४९८ या काळात व्हेनिसमध्ये किंवा फ्लँडर्समध्ये मिरीचा भाव तुरटीसारखा चढून तसाच राहिला असं कोणी दाखवलं तर. तिसरं, १४८०च्या आधीचं पोर्तुगीज दरबारातलं एखादं पत्र, ज्यात तुर्कांमुळे मसाला मिळेनासा झाला म्हणून दक्षिणेला जहाजं धाडा असं लिहिलंय.

यातलं एक जरी हाती लागलं तर दुवा इथेच टाका.

मिरवेल

हे तिन्ही मुद्दे सोमवारी फळ्यावर जाणार. कारकूनसाहेब, तुमचा प्रश्नही तुमच्या नावाने.

पेठेतला_कारकून

नाव नको. 'एक शंकेखोर' लिहा.